खाडीच्या पाण्याचा जमाखर्च



लिपिका म्हणून या पानावर मी नेहमी वह्यांविषयी लिहिते. कर्ज खतावणी कशी भरायची, शिल्लक कशी जुळवायची, असं काहीबाही. या वेळचा हिशेब पैशांचा नाही, मिठाचा आहे. पण वहीची रीत तीच. आणि हा हिशेब न केल्यामुळे आमच्या गटाचं पैशात नुकसान झालं, म्हणून तो आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने बँकेचे कर्ज घेऊन खाडीत काकईचा तराफा टाकला. काकई म्हणजे हिरव्या पाठीची शिंपली, तुमच्या गावात तिला दुसरे नाव असेल. डिसेंबरात दोऱ्यांना बीज बांधले. मे अखेरपर्यंत काकई बोटभर झाली. तेव्हा व्यापाऱ्याने दर पाडून सांगितला. बैठकीत चर्चा झाली आणि ठरलं की आणखी पंधरा दिवस थांबू, माल वाढेल, दरही सुधारेल. ठराव मीच लिहिला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस सलग पाऊस लागला. पाचव्या दिवशी दोरी वर ओढली तर काकई तोंड उघडून पडलेली, वास सुटलेला. शेजारच्या वाडीतल्या आजी काठावर उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पाणी गोडा झाला गे बाय, आता ती खय जगतली?”

हप्ते आम्ही अजून भरतोय.

पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जाईनात. एक म्हणजे, खाडीच्या मुखाजवळ दुसऱ्या गटाचा तराफा होता. बीज तेच, पाऊस तोच. त्यांची निम्म्याहून जास्त काकई जगली. दुसरी म्हणजे, आमच्याही दोऱ्यांवर वरची हातभर काकई आधी मेली होती आणि तळाकडे थोडी जिवंत सापडली. असं का व्हावं? प्रशिक्षणाला आलेल्या एका ताईंना हे विचारलं तेव्हा त्यांनी पाटीवर खाडीचा जमाखर्च मांडून दाखवला. तो मला जसा समजला तसा इथे देते.

आपली खाडी म्हणजे नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी भेटण्याची जागा. ती उथळ असते, हीच तिची मुख्य गोष्ट. कपातला चहा गरम राहतो, बशीत ओतला की लगेच निवतो. उथळ पाण्याचंही तसंच आहे. ऊन पडलं की ते लवकर तापतं, नदी आली की लवकर गोडं होतं, भरती आली की लवकर खारं होतं. खोल समुद्रात चार दिवस पाऊस पडला तरी माशाला खबर लागत नाही. आपल्या खाडीत चार दिवसांत सगळा संसार उलटतो. शिवाय उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत जातं, म्हणून तळाला गवत-शेवाळ वाढतं, आणि वरून पडलेलं सगळं चिखलात जाऊन पुन्हा पाण्यात मिसळत राहतं. त्यामुळे अशा खाड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नुसतं पाणी बघत नाहीत. नदी, समुद्र, चिखल, ऊन, गवत, मासे यांचा हिशेब ते एकत्र मांडतात. या मांडलेल्या हिशेबाला ते मॉडेल म्हणतात.

मॉडेल म्हटलं की घाबरू नका. आपल्याकडे ते आधीपासून आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे तुमच्यापैकी अनेकींना सासूने शिकवलं असेल. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. समुद्रावर न जाता, घरात बसून, पुढच्या महिन्यातल्या कुठल्याही दिवसाची भरती सांगता येते. यालाच मॉडेल म्हणायचं. फक्त हा हिशेब मुंबईच्या बाजूला नीट बसतो. दक्षिणेला, सिंधुदुर्ग-गोव्याकडे, भरती थोडी आधी येते आणि खाडीत जसजसं आत जावं तशी उशिरा पोचते. म्हणून तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका आपल्या वाडीचा फरक त्यात मिळवतात किंवा वजा करतात. हा फरक कुठून आला? रोज चिखलात उतरून, बघून आला. शास्त्रज्ञही हेच करतात. आधी हिशेब मांडायचा, मग प्रत्यक्ष मोजून तो आपल्या खाडीला बसवून घ्यायचा.

आता मिठाचा हिशेब करू. पेन-कागद घ्या.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. नदीच्या पाण्यात शून्य धरा. आपल्या तराफ्याखाली ओहोटीला एक मीटर पाणी उरतं आणि भरतीला समुद्राचं आणखी एक मीटर पाणी येतं असं समजा. जेवढं पाणी आलं तेवढं पुढच्या ओहोटीला मिसळून बाहेर गेलं असंही धरू.

पहिला प्रसंग असा. पाऊस थांबला आहे, नदी आटली आहे, पण खाडीत जुनं पाणी १० ग्रॅमचं आहे. भरती आली. १० आणि ३५ समान मिसळले, झाले साडेबावीस. त्यातलं निम्मं गेलं, पुन्हा भरती आली. साडेबावीस आणि ३५ यांचा मध्य, म्हणजे पावणेएकोणतीस. दोन भरत्यांत, म्हणजे एका दिवसात, दहाचे जवळजवळ एकोणतीस झाले. उथळ खाडी लवकर बिघडते तशी लवकर सावरतेही, ती अशी.

दुसरा प्रसंग पावसाळ्याचा. आता दर भरतीला समुद्राचं एक मीटर पाणी येतं आणि त्याच वेळात नदीचंही एक मीटर. जुनी शिल्लक ३० ग्रॅमची आहे. ३० अधिक ३५ अधिक शून्य, भागिले तीन. साधारण पावणेबावीस. पुढच्या भरतीला त्याचे एकोणीस होतात, मग अठरा, आणि साडेसतरावर येऊन ते थांबतात. कितीही भरत्या आल्या तरी साडेसतरा. कारण जमा दोन बाजूंनी सारखी आहे, म्हणून खारटपणा समुद्राच्या निम्मा. काकई एवढं सोसते.

नदी तिप्पट वाढली तर? समुद्राचा एक भाग आणि नदीचे तीन, म्हणजे आलेल्या पाण्यात समुद्र चौथा हिस्सा. पस्तीसचा चौथा हिस्सा पावणेनऊ. हे दोन-चार दिवस टिकलं की काकई तग धरत नाही. तोंड घट्ट मिटून ती काही काळ कळ काढते, पण तोंड मिटलं की खाणं बंद आणि श्वासही जवळजवळ बंद. किती दिवस मिटून बसणार?

इथपर्यंत आलं तेव्हा आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी मध्येच विचारलं, “समुद्राची जमा रोज सारखी कशी असेल? उधाणाला पाणी जास्त येतं, भांगाला कमी.” प्रशिक्षणाच्या ताई हसल्या, म्हणाल्या, “हाच तर प्रश्न मला तुमच्याकडून हवा होता.” अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र जर एक मीटर देत असेल आणि अष्टमीनंतरच्या भांगाला अर्धाच मीटर, तर त्याच पावसात हिशेब बदलतो. नदी एक, समुद्र अर्धा, म्हणजे तिसरा हिस्सा, पावणेबारा ग्रॅम. तोच पाऊस उधाणाला आला तर साडेसतरा, भांगाला आला तर पावणेबारा. घरी येऊन मी पंचांग उघडलं. आमचा चार दिवसांचा पाऊस ज्येष्ठातल्या अष्टमीला सुरू झाला होता.

या हिशेबात खोट आहे आणि ती लपवून चालणार नाही. पाणी एवढं छान मिसळत नाही. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. आमच्या दोरीवरची वरची काकई आधी मेली आणि तळाची काही जगली ती म्हणूनच. दुसरी खोट अशी की ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी थोडं मुखापाशीच घुटमळतं आणि भरतीला तेच परत येतं, म्हणजे समुद्राची प्रत्येक जमा पूर्ण ३५ ची नसते. तिसरी, मुखाजवळ समुद्राचा हिस्सा मोठा आणि वर वाडीकडे नदीचा मोठा. शेजारच्या गटाची काकई का वाचली याचं उत्तर या तिसऱ्या गोष्टीत आहे.

या खोटी काढायला संगणक लागतो. शास्त्रज्ञ नकाशावर खाडीचे लहान लहान चौकोन पाडतात, कधी एकावर एक थरही. प्रत्येक चौकोनाचं वेगळं पासबुक. या चौकोनातून जेवढं पाणी आणि मीठ निघालं तेवढं शेजारच्या चौकोनाच्या जमेला. आपल्या ग्रामसंघात प्रत्येक गटाची वही वेगळी असते, पण एकाची नावे ती दुसऱ्याची जमा, आणि शेवटी सगळं जुळावं लागतं, तसंच. फरक इतकाच की संगणक हा ताळेबंद दर काही मिनिटांनी मांडतो. मग मिठाबरोबर गाळ, खत, प्राणवायू यांची खाती उघडता येतात.

आणि ऑडिट असतंच. एका वर्षाच्या मोजमापावर हिशेब बसवला की दुसऱ्या वर्षाची मोजमापं मॉडेलला न दाखवता बाजूला ठेवतात आणि बघतात, त्याचा अंदाज त्यांच्याशी जुळतो का. ज्या वर्षी बसवलं त्याच वर्षाशी ताडून “जुळलं” म्हणणं म्हणजे स्वतःच्या वहीचं ऑडिट स्वतःच करणं.

मोजमापांचा असा मोठा साठा आपल्या शेजारी गोव्यात आहे. दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली सुरू झालेली. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांच्या खाड्यांवर तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं. सरासरी पाच मीटरच्या आसपास खोलीच्या या खाड्या. भरतीची हालचाल सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते. उन्हाळ्यात खारं पाणी खूप आत शिरतं आणि पाऊस लागला की तीच खाडी वरच्या भागात अगदी गोडी होते. परदेशातल्या पुस्तकांतल्या खाड्यांना वर्षभर थोडं थोडं गोडं पाणी मिळत असतं. आपल्याकडे वर्षाचं पाणी तीन-चार महिन्यांत येऊन जातं, म्हणून तिकडचा हिशेब इथे तसाच्या तसा लावून चालत नाही.

असा हिशेब नुकसान झाल्यावर समजून घ्यायलाच उपयोगी असं नाही. “असं केलं तर काय होईल?” हे आधीच विचारायलाही तो कामाला येतो. त्याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण म्हणजे ओडिशातलं चिलिका सरोवर, आणि त्या कामात आपल्या पुण्याचाही हात आहे.

चिलिका म्हणजे समुद्राला जोडलेलं प्रचंड पण उथळ पाणी. सरासरी खोली दोन मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात पसारा ९०० चौरस किलोमीटरच्या जवळपास, पावसाळ्यात ११०० च्या वर. हजारो मच्छीमार कुटुंबं त्यावर जगतात. महानदीच्या फाट्यांनी गाळ आणून टाकला आणि समुद्राकडे जाणारी लांब वाट भरत गेली. समुद्राची जमा कमी झाली, पाणी गोडं होऊ लागलं. गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासे-कोळंबीची ये-जा अडली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत १९८१ साली आलेलं हे सरोवर १९९३ साली धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं.

उपाय सगळ्यांनाच दिसत होता. नवीन तोंड फोडायचं. पण कुठे? चुकीच्या जागी फोडलं तर लाटा दोन वर्षांत वाळू लोटून ते बुजवतील. जास्त मोठं झालं तर सगळं खारं होऊन दुसरंच नुकसान. सरोवर खोदून बघायची वस्तू नाही, बिघडलं तर पुसता येत नाही. म्हणून पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात याचा गणिती हिशेब मांडला गेला. वेगवेगळ्या जागी तोंड धरून भरतीचं पाणी किती आत येईल, खारटपणा किती वाढेल, हे आधी कागदावर पाहिलं. मग सिपाकुडा गावाजवळची जागा ठरली आणि सप्टेंबर २००० मध्ये तिथे नवीन मुख उघडलं. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरने जवळ आली.

खारटपणा परतला, गोड्या पाण्यातलं तण ओसरलं, पाण्याखालचं समुद्री गवत पसरलं. मासळी, जी वर्षाला सतराशे टनांच्या आसपास घसरली होती, ती दोनेक वर्षांत दहा हजार टनांच्या वर गेली. २००२ साली चिलिकाचं नाव धोक्याच्या यादीतून निघालं. पण काम कायमचं संपलं असं कुणी समजू नये. समुद्र वाळू हलवतच राहतो, मुख सरकत राहतं आणि २००८ साली आणखी एक मुख निसर्गतःच फुटलं. तिथलं मोजणं चालूच आहे.

आपल्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढतो, कुठे वाळूचा उपसा होतो, कुठे नव्या पुलाचा भराव पडतो, कुठे खारबांध फुटून जुन्या खाजणात पाणी शिरतं. प्रत्येक वेळी समुद्राची आणि नदीची जमा बदलते. पण तसा काही प्रस्ताव ग्रामसभेत आला तर “यानं खाडीचं पाणी किती बदलेल, हिशेब केलाय का?” असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आपण विचारायला हरकत नाही. उत्तर लेखी मागावं.

आता आपल्यासारख्याच बायकांचं उदाहरण. केरळात कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या खाडीत महिला बचत गट १९९० च्या दशकाच्या शेवटापासून काकई वाढवतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांना हे तंत्र शिकवलं. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात बीज बांधतात आणि पावसाआधी, एप्रिल-मेपर्यंत माल काढून मोकळ्या होतात. पाऊस लागल्यावर पाणी गोडं होणार हे गृहीतच धरलेलं असतं. आम्ही बीज त्यांच्याच वेळी बांधलं, पण काढायची तारीख मात्र व्यापाऱ्याच्या दरावर सोडली.

जिताड्याचे पिंजरे लावणाऱ्या गटांसाठी आणखी एक खातं सांगते, प्राणवायूचं. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू जमा करतं, रात्री मासे, शेवाळ आणि तळचा चिखल मिळून तो नुसता खर्च करतात. म्हणून शिल्लक सगळ्यात कमी पहाटे असते. शेतातलं खत वाहून आलं की शेवाळ फोफावतं, दिवसा पाणी हिरवंगार दिसतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, त्यामुळे मे महिन्यातली भांगाची पहाट जास्त धोक्याची. अधिकारी दुपारी बारा वाजता येऊन पाणी तपासून “ठीक आहे” म्हणाले तर त्यांना सांगा, साहेब, पहाटे या.

वहीचं काय? आमच्या गटाने आता खाडीची वही उघडली आहे. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र नोंदींचं आहेच, त्यात ही एक भर. आठवड्यातून दोनदा, एकाच ठरलेल्या जागी, पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला नोंद. तारीख, तिथी, वेळ. मागच्या दिवसांत पाऊस होता का. खारटपणा एकदा वरच्या पाण्याचा आणि एकदा तळाजवळचा. तो मोजायला दुर्बिणीसारखं छोटं उपकरण मिळतं, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. एक उपकरण चार गटांत पुरतं. तळाजवळचं पाणी घ्यायला बाटलीला दगड बांधून बुचाला दोरी लावली आहे, खाली गेल्यावर बूच ओढायचं. पाण्याच्या गढूळपणासाठी स्टीलची जुनी ताटली पांढऱ्या रंगाने रंगवली. दोरीला गाठी मारून ती सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. ही युक्ती १८६५ साली सेक्की नावाच्या इटलीतल्या एका पाद्र्याने समुद्रावर वापरली आणि शास्त्रज्ञ आजही तीच वापरतात. त्याची ताटली आमच्यापेक्षा बरी असणार.

ज्या दिवशी जाता आलं नाही ती ओळ कोरी ठेवायची. अंदाजाने भरलेली ओळ कोऱ्या ओळीपेक्षा वाईट, कारण पुढे हिशेब बसवताना खरी कुठली आणि मनची कुठली हे कळत नाही. पहिल्या महिन्यात आमच्याच एका मैत्रिणीने सलग चार नोंदी २५, २५, २५, २५ लिहिल्या होत्या. विचारल्यावर तिनेच हसून कबूल केलं, लेकराला ताप होता. आम्ही त्या खोडल्या आणि तिची पाळी बदलून दिली.

या वर्षी तराफा मुखाच्या बाजूला थोडा खाली सरकवला आहे. अगदी मुखाशी नाही, तिथे लाटा जोरात आहेत आणि मच्छीमारांच्या होड्यांची वाट आहे, त्यांच्याशी बोलूनच जागा घेतली. ठराव झाला आहे की २० मेला काढणी सुरू, दर काहीही असो. वळवाचा मोठा पाऊस आला आणि वरचा खारटपणा पंधराच्या खाली गेला तर दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी तराफ्यावर यायचं, निरोपाची वाट बघायची नाही. कोषाध्यक्ष ताईंनी पंचांगात वैशाख-ज्येष्ठातल्या चारही अष्टम्यांना लाल पेनाने गोल केला आहे, आणि ते पंचांग हप्त्याच्या पावत्यांशेजारी भिंतीला टांगलं आहे.